निरगाठ

विगोच्या इस्पितळात, तळघरातल्या खोलीत
माझ्याकडे येतात त्या डबीतून,
कुणाच्या तरी मेंदूतून ओढून काढलेल्या गुठळ्या.
नाव नसतं, आकडा असतो.
एक्केचाळीस नंबरची तांदळाच्या दाण्याएवढी,
फिकट, चिवट, चिमट्यात धरली तर उसळणारी.

रक्ताची गुठळी म्हणजे लालच, असं वाटतं लोकांना.
मलाही वाटायचं, इथल्या पहिल्या हिवाळ्यापर्यंत.

मी तिला मेणात बसवते, केसाहून पातळ काप काढते,
रंगात बुचकळते.
तांबड्या पेशी पिवळ्या होतात (हा रंगाचा खट्याळपणा),
फायब्रिनचे दोर लालभडक,
आणि मधूनमधून काळपट ठिपके, पांढऱ्या पेशींचे.

काही गुठळ्या सुरगाठी असतात.
तांबड्या पेशींचा सैल ढीग;
शिरेतून औषध सोडलं की बऱ्याचदा
टोक ओढल्यासारख्या सुटतात.
एक्केचाळीस निरगाठ होती.
औषधाला तिनं दाद दिली नाही.
मांडीच्या धमनीतून तार थेट मेंदूपर्यंत नेऊन
तीनदा ओढावी लागली.
डॉक्टर ब्राइसनं चिठ्ठीत खाली एकच शब्द लिहिलाय: हट्टी.

वरच्या कागदावर: वय सदुसष्ट.
साखर, अकरा वर्षं.
रक्तदाबाची गोळी, आठवली तर.
खालची दाढ किडलेली, हिरडीत पू, उपचार नाहीत.
थोडक्यात, दुखणं अंगावर काढलेलं.

अंगावर काढलेलं दुखणं जातं कुठे?

शरीराला वर्दी मिळत राहते, कुठेतरी धुमसतंय.
धूर दिसत नाही. माणूस कामावर जातो.
पांढऱ्या पेशी मात्र धावतात, महिनोन्‌महिने धावतात,
आणि शत्रू आवरेना तेव्हा त्यातली एखादी
स्वतःलाच फाडते,
गाभ्यात गुंडाळलेलं सूत भिरकावते बाहेर
जाळं टाकावं तसं.
कधी जंतू सापडतो.
कधी सापडतं आपलंच रक्त.

एप्रिलमध्ये एक बाई आली, कांगासच्या बोटीनं,
पलीकडच्या काठावरून. ओब्दुलिया.
सोबत भाची, भाचीच्या हातात कागद,
कागदावर एक्केचाळीस.
तिला बघायचंय म्हणाली भाची, ते काय होतं ते.
नियमात बसत नव्हतं. मी खुर्ची सरकवली.

उजवा हात मांडीवर ठेवलेला,
परक्याची वस्तू सांभाळावी तसा.
शब्द बहुतेक गेलेले.
हो, नाही, भाकर, आणि एक शिवी, ती शाबूत.
पन्नास वर्षं धक्क्यावर बसून जाळी दुरुस्त केली हिनं,
भाची सांगत होती,
सार्डिनची जाळी, बापाची, भावांची, मग कुणाचीही.
दाढेचं काढलं की म्हणायची, मोसम संपू दे.

ती भिंगात वाकली. बराच वेळ.
मी रंग समजावणार होते, तोवर
तिचा डावा हात हवेत उठला.
अंगठा आणि बोट, मध्ये नसलेली सुई.
एक घर उघडलं, मोजलं,
दुसरं उघडलं, थांबली.
मान हलवली.
आधी शिवी दिली.
मग चिखलात रुतलेला बूट काढावा तसा
जोर लावून एक शब्द:
"घाई."

नऊ वर्षं मी टक्के मोजते आहे.
तांबड्या इतके, फायब्रिन इतकं, पांढऱ्या इतक्या.
तक्त्यात त्या शब्दाला रकाना नाही.
कुणाची घाई, तेही विचारायचं राहिलं:
त्या पेशींची, की मोसमाची.

निघताना बाहेर वारा होता.
तिनं रुमाल डोक्यावर घेतला,
भाचीचा हात झटकला,
आणि डाव्या हातानं, एक टोक दातांत धरून
(दाढ काढलेली बाजू सोडून, दुसऱ्या)
हनुवटीखाली गाठ मारली.
कसली मारली, सुरगाठ की निरगाठ,
लांबून दिसलं नाही.
मी जिभेनं माझी दाढ चाचपत
जिना उतरले.